बारा श्वास

सहा वर्षं लिहिलेला खेळ
रविवारी दुपारी तीनला, धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर
सतरंजीवर मांडला.
जॉबकार्डांच्या पाठकोऱ्या बाजूंवर बावीस नियम,
आणि तन्वीरनं भोसरीत लेथवर
उरल्यासुरल्या पितळेतून काढलेले दोन फासे,
त्यातला एक जरा तिनाकडे झुकणारा.

गोष्ट अशी: कात्रजच्या तळ्यापासून पेठांपर्यंत
जमिनीखालून जाणारा जुना नळ,
तीन माणसं, एक कंदील.
मध्ये मध्ये वर उघडणारी विहिरीसारखी तोंडं,
त्यांना म्हणायचे उच्छ्वास.
त्या एका शब्दासाठी मी हा खेळ लिहायला घेतला
हे कुणाला सांगितलं नाही.

नियम पहिला: प्रत्येकाला बारा श्वास.
नियम दुसरा: काहीही करायला एक श्वास.
श्वास म्हणून शेंगदाणे वाटले.

"काय वाटतं ते मोकळेपणानं सांगा," मी म्हणालो.
पुण्यात हे म्हणायची खरं तर गरज नसते.

निनाद म्हणाला, "बघायला श्वास, ऐकायला श्वास.
बसायला लागतो का?"
पान उलटून पाहिलं. बसायला लागत नव्हता.
मग तिघंही बसले.
चाळीस मिनिटं माझ्या अंधाऱ्या नळात
तीन शहाणी माणसं
गुडघाभर पाण्यात
आपापले शेंगदाणे मुठीत धरून.
तन्वीरनं बोलता बोलता दोन श्वास खाऊन टाकले.
"हे धरायचे?"
नियमात नव्हतं.

फाशांचा आवाज होतो म्हणून खालचे रेंभोटकर वर आले.
छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस.
खेळायला नकार. नियम मात्र वाचायला घेतले,
खिशातून लाल पेन्सिल.
"चारमध्ये 'संपणे', नऊमध्ये 'संपणे', अठरात पुन्हा 'संपणे'.
श्वास संपतो, माणूस संपतो की खेळ?
आधी ठरवा, मग लिहा."
मी म्हणालो, सहा वर्षं तेच चाललंय.
"ऱ्हस्व-दीर्घ बरं आहे तसं," ते म्हणाले.
एवढं कौतुक मला पुरलं.

सहाच्या सुमारास उच्छ्वास दिसला, दोन पावलांवर.
शर्वाणीनं शेवटचा श्वास मोजून फासा टाकला.
नेमका तोच फासा. तीन. हवे होते चार.
"आता मी काय करू?"
नियम सात: जो संपला, त्यानं खेळ उरकेपर्यंत गप्प राहायचं.
"अख्खा खेळ? का?"

सातवा नियम मी लिहिला होता एका रात्री
ससूनच्या व्हरांड्यातल्या बाकावर,
आत आण्णांना नळ्या लावलेल्या,
आणि डॉक्टर म्हणाले होते, बोलू नका त्यांच्याशी.
हे सतरंजीवर कसं सांगणार.
"तणाव राहतो," मी म्हणालो.
"कंटाळा राहतो," निनाद म्हणाला.

आणि त्यानंच,
ज्यानं दुपारभर जेमतेम पाच दाणे खर्चले होते,
मूठ उघडली.
सात शेंगदाणे, घामानं सालं सुटलेले,
तिच्याकडे सरकवले. कुणाला विचारलं नाही.
असं चालत नाही, म्हणायला मी तोंड उघडलं,
बावीसच्या बावीस नियम चाळले.
चालत नाही असं कुठेच नव्हतं.
चालतं असंही नव्हतं.
"हे राहिलंय तुमचं लिहायचं," रेंभोटकर म्हणाले.

शर्वाणी उच्छ्वासातून वर आली.
"बाहेर काय आहे? कुठल्या पेठेत आले मी?"
मला सांगता येईना.
सहा वर्षं मी फक्त खालचं लिहिलं होतं.

रात्री सतरंजी झटकली.
सालं, लाल पेन्सिलीचं तुटकं टोक,
कपाटाखाली गेलेला एक दाणा,
कुणाच्या बारातला, कळायला मार्ग नाही.
सातव्या नियमावर काट मारली नाही अजून.
शेजारी एवढंच लिहिलं: विचारून बघणे.
कुणाला, ते लिहिलं नाही.